फोनच्या पलीकडचा मार

एजंटने माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा मी त्याच्याशी अगदी शुद्ध इंग्रजीत बोलत होते. 'सर, आमचे पासपोर्ट ठेवून घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही, ते आत्ता परत द्या' अशा अर्थाचं वाक्य होतं. ते पुरं झालं नाही. कानात शिट्टी वाजायला लागली, चष्मा उडून टेबलावरच्या छोट्या परदेशी झेंड्यांमध्ये पडला आणि मी मागच्या भिंतीवर आदळले. त्याआधी मला आयुष्यात कोणी मारलं नव्हतं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढले, शेजारीपाजारी मारामाऱ्या नेहमीच्या, पण आमच्या घरात बाबांनी कधी हात उगारला नाही. त्यामुळे पहिल्या क्षणी दुखण्यापेक्षा नवलच जास्त वाटलं. हा माणूस मला मारू शकतो, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

त्या केबिनमध्ये मी कशी पोचले ते आधी सांगते.

मी मुलुंडच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. बाबा परभणीकडून तरुणपणी मुंबईत आले, कारखान्यात वेल्डिंग करत राहिले. रविवारी विहारात वंदनेला न्यायचे आणि परतताना दुकानांच्या इंग्रजी पाट्या माझ्याकडून वाचून घ्यायचे. नीट इंग्रजी बोलणाऱ्याशी कोणी अरेतुरे करत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मी बी.एड. झाले, शाळेत लागले आणि मला कळलं, की इंग्रजी येत असली तरी दर वर्षी करार संपला की मुख्याध्यापिकेच्या दारात उभं राहावंच लागतं.

शाळेतली माझी मैत्रीण नाहूरला राहायची. वडील बँकेतून निवृत्त झालेले, घरात सगळं शिस्तीत. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि नातेवाइकांच्या चौकश्यांना ती विटली होती. एक दिवस डबा खाताना तिने मला मोबाइलवर जाहिरात दाखवली. व्हिएतनाम आणि थायलंडमधल्या शाळांना इंग्रजी शिक्षक हवे होते. अर्जापासून विमानापर्यंत सगळं एजंट बघणार होता.

"जाऊया ना यार," ती म्हणाली. "इथे राहून काय होणार आहे? तू तेच व्याकरण शिकवणार, मी तेच. आणि घरी गेलं की आई तेच विचारणार."

एजंटचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका व्यापारी इमारतीत होतं. माणूस गोड बोलायचा. आपणही काही वर्षं परदेशात शिकवलंय, असं सांगायचा. पिवळ्या गणवेशातल्या मुलांबरोबरचा त्याचा फोटो भिंतीवर होता. दर शनिवारी तो आमचा वर्ग घ्यायचा. नमुना धडे करून घ्यायचा, उच्चार घासून घ्यायचा, मुलाखतीत हसायचं किती तेही शिकवायचा. त्याने आधी पाठवलेले एकदोघं शाळेत खरंच रुजू झाले होते, त्यांचे व्हिडिओ आम्ही पाहिले होते. म्हणून त्याने व्हिसासाठी पासपोर्ट मागितले तेव्हा आम्ही ते दिले. टुरिस्ट व्हिसावर शिकवता येतं का, असं मी विचारलं होतं. "मॅडम, वर्क परमिट तिकडे उतरल्यावर मिळतं. सगळ्यांचं असंच होतं," तो म्हणाला.

त्या शनिवारच्या वर्गात वर्सोव्याचा एक तरुण होता. आई बाजारात मासळी विकायची. हा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, क्लासमध्ये शिकवायचा. आमच्या सगळ्यांत त्याचंच शिकवणं झकास. त्याने एकदा आम्हाला पहिलीची मुलं केलं आणि नुसत्या हातवाऱ्यांनी माशांची इंग्रजी नावं पाठ करून घेतली. बांगडा करताना त्याने असं काही तोंड केलं, की माझी मैत्रीण हसून हसून खुर्चीवरून घसरली. तो आम्हा दोघींना ताई म्हणायचा. सगळ्यांत आधी त्याचंच बोलावणं आलं. विमानतळावरून त्याने आम्हाला फोटो पाठवला, नव्या शर्टातला तो आणि बरोबर आई.

त्यानंतर बरेच दिवस त्याच्याकडून काही नाही. मग एका मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. आम्ही गच्चीच्या जिन्यात गेलो. पडद्यावरचा चेहरा आधी ओळखूच आला नाही. एक डोळा पूर्ण मिटलेला, जांभळा. खालचा ओठ फाटलेला. तो कुठल्यातरी संडासात बसून कुजबुजत होता.

"ताई, शाळा नाहीये. शाळा कधीच नव्हती."

विमानतळावरून त्याला गाडीत घातलं, मग होडीने नदी पार करून दुसऱ्या देशात नेलं. उंच भिंतींच्या आत इमारती, आत रांगांनी कॉम्प्युटर. बाई असल्याचं भासवून परदेशातल्या एकट्या म्हाताऱ्यांशी इंग्रजीत गोड गप्पा मारायच्या आणि त्यांना लुबाडायचं, हे काम. नाही म्हणाला तेव्हा खोलीत कोंडून मारलं. ठरवून दिलेली सावजं हाती लागली नाहीत की विजेचा झटका देणारा दांडका अंगाला लावायचे.

"माझी इंग्रजी चांगली म्हणून मला जास्त काम देतात, ताई. तुम्ही येऊ नका. पासपोर्ट काढून घ्या. आणि आईला..."

दारावर लाथ बसल्याचा आवाज आला. पडदा काळा झाला.

मैत्रीण जिन्यातच ओकली. मी तिचे केस धरून उभी होते आणि खाली पोरांचा सुट्टीतला दंगा चालू होता.

आईला सांगू नका, असंच तो म्हणणार असावा. पण न सांगून कसं चालेल? शाळा सुटल्यावर आम्ही वर्सोव्याला गेलो. त्याची आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मी सांगत गेले तशी ती हातातली बोंबलांची जोडी तशीच धरून ऐकत राहिली. कॉल चालू असताना मैत्रिणीने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तो तिच्याकडून दाखवला गेला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

"त्या माणसाचं हापिस दाखव मला," ती म्हणाली.

आधी आम्ही एका पोलीस चौकीत गेलो. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला आणि प्रकार परदेशातला आहे, वर विचारावं लागेल, असं सांगितलं. त्याची आई, आता आमची मावशी, बाकावरून उठली. "तू विचार वर," ती त्याला म्हणाली. "मी खाली विचारते."

एजंटच्या ऑफिसात त्या वेळी तो स्वतः, त्याचा धिप्पाड ड्रायव्हर आणि स्वागताच्या टेबलावरची मुलगी एवढेच होते. मावशीला बाहेर बसवून मी आणि मैत्रीण केबिनमध्ये गेलो. आपण सुशिक्षित आहोत, नीट बोलू, असं आमचं ठरलं होतं. त्याने ड्रायव्हरला खूण केली, ड्रायव्हरने आत येऊन दार लावलं, आणि मी वर सांगितलेलं वाक्य बोलायला लागले.

मारल्यावर तो मराठीत आला. "जास्त शहाणपणा नको. तिकिटं काढलीयत तुमची. गपचूप जायचं."

मी त्याच्या अंगावर गेले. कशी गेले, मला माहीत नाही. माझी नखं त्याच्या गालात रुतलेली मला जाणवली. त्याने माझा हात धरून मागे पिरगळला आणि मनगटात आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी किंचाळले. ड्रायव्हर मला धरायला पुढे आला. तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने, जी वर्गात पट्टीसुद्धा टेबलावर आपटत नसे, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं आणि दोन्ही हातांनी फिरवून ड्रायव्हरच्या गुडघ्यावर घातलं. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. तिने ते परत उचललं.

"दार उघड!" ती ओरडत होती. "दार उघड नाहीतर डोक्यात घालीन!"

दार बाहेरूनच उघडलं. मावशी आत आली. तिने कोणाला काही विचारलं नाही. एजंटचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड टेबलाच्या काचेवर आपटलं. काचेला तडा गेला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, झेंडे त्यात भिजले. तो तिच्या पोटात गुद्दे मारत होता, पण तिने केस सोडले नाहीत. आयुष्यभर टोपल्या उचललेले तिचे हात होते.

"माजा पोर कुठं हाय?" ती विचारायची आणि आपटायची. परत विचारायची, परत आपटायची.

मला थांबवावंसं वाटलं नाही. मी तुटलेलं मनगट छातीशी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, अजून.

"फोन लावतो," तो शेवटी रक्त थुंकत म्हणाला. "बोलणं करून देतो. सोडा."

त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे एक पुरुषी आवाज होता, तोडकीमोडकी इंग्रजी. एजंट रडतरडत त्याला सांगू लागला, की इथे मला मारतायत, त्या पोराला आईशी एकदा बोलू द्या. पलीकडचा हसला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पावलं वाजली, आणि मग अगदी बारीक आवाज आला.

"आई?"

मावशीने फोनवर तोंड नेलं. "बाला, मी हाय. कुठं हायस तू?"

तो काही बोलायच्या आत धपकन आवाज आला. मग तडतड आणि एक किंकाळी. माणसाचा आवाज तसा निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मावशीने एजंटच्या तोंडावर पुन्हा गुद्दा घातला, एजंट ओरडला, आणि ते ऐकून पलीकडून पुन्हा तडतड. हिने अजून जोरात मारलं. तिकडून अजून लांब किंकाळी.

मैत्रीण कानांवर हात ठेवून खाली बसली. माझ्या ध्यानात आलं, की आपला इथला प्रत्येक फटका तिकडे त्या पोराच्या अंगावर पडतोय.

"मावशी, थांबा! तुम्ही मारलंत की ते त्याला मारतायत. ऐका ना, थांबा!"

तिची मूठ वर होती. ती तिला खाली आणता येईना. मी धडधाकट हाताने तिचा हात धरून खाली आणला आणि फोन उचलला.

आणि मी गुड आफ्टरनून म्हणाले. तोंडातून तेच निघालं.

तू कोण, त्याने विचारलं. मी शिक्षिका, मी म्हणाले. तो मागे वळून कोणालातरी काही बोलला, तिकडे दोनतीन जण हसले. "हा पण शिक्षक," तो म्हणाला. "कामाचा नाही."

मी आवाज वर्गातल्यासारखा ठेवला. इथली मारामारी संपली आहे, तुमच्या माणसाला आता कोणी हात लावणार नाही, आम्ही इथून जातोय, पोलिसांकडे जाणार नाही. सगळं खोटं बोलले. मग म्हणाले, या मुलाची इंग्रजी आमच्यात सगळ्यांत चांगली आहे. तुम्हाला त्याचा उपयोग आहे. त्याचे हात मोडलेत तर तो टाइप कसं करणार?

जनावराच्या बाजारात बोलावं तसं मी बोलत होते. त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी कळत नव्हती आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात कोणाचेतरी आभार मानत होते. पलीकडे बराच वेळ फक्त त्या मुलाचे हुंदके ऐकू आले. मग तो माणूस "यू स्मार्ट" म्हणाला आणि फोन बंद झाला.

इमारतीच्या वॉचमनने पोलिसांना बोलावलं होतं. ते येईपर्यंत स्वागताच्या टेबलावरची मुलगी दारात येऊन उभी राहिली. ती रडत होती. तिने कपाटाची किल्ली माझ्या मैत्रिणीच्या हातात ठेवली आणि निघून गेली. कपाटात रबराने बांधलेले पासपोर्टचे गठ्ठे होते. वरच्याच गठ्ठ्यात आम्ही दोघी होतो.

गुन्हा एजंटवर दाखल झाला आणि मारहाण-तोडफोडीचा आमच्यावरही. बाबा चौकीत आले तेव्हा माझ्या हाताला प्लास्टर होतं, गाल सुजला होता आणि कुर्त्यावर एजंटचं रक्त होतं. ते शेजारी बसले.

"तू पण मारलंस?"

"हो."

"लागलं त्याला?"

"हो, बाबा."

"बरं," ते म्हणाले. मग चेहरा दुसरीकडे वळवून रडले.

पुढचे महिने मावशीने कसे काढले ते मी जवळून पाहिलं. विहारात येणाऱ्या एका वकिलांनी आमचे अर्ज दिल्लीपर्यंत पोचवले. फोन पुन्हा आला नाही. मावशी बाजारात बसायची, कापायची, विकायची, आणि मध्येच सुरी तशीच लाकडात रुतवून ठेवून बघत राहायची. गिऱ्हाईक घाबरून सरकायचं. नंतर तिकडे सैन्याने त्या कोंडवाड्यांवर धाड घातल्याची बातमी आली. सुटलेल्यांत तो होता.

तो आला ती दुपार होती. आम्ही तिघी विमानतळाच्या कठड्यापाशी उभ्या होतो. बाहेर आला तेव्हा अर्धा झाला होता, लंगडत होता. मावशी धावली. तिने त्याला मिठी मारायच्या आधी, आया करतात तसं, रागाने हात उगारला. "कशाला गेलास रे मेल्या!"

तो तिथेच खाली उकिडवा बसला. दोन्ही हातांनी डोकं झाकलं, कोपरं गुडघ्यांना लावली, आणि भरभर म्हणू लागला, "सॉरी सर, सॉरी सर, सॉरी सर."

लोक थांबून बघू लागले. मावशीचा हात हवेतच राहिला. मग ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, त्याला हात न लावता. त्याने स्वतःहून डोकं वर काढेपर्यंत ती बसूनच राहिली. ट्रॉलीवाले आमच्या बाजूने वळून जात होते.

त्याचा एक कान गेलाय. मी वर्सोव्याला भेटायला गेले तेव्हा त्याने मला चांगल्या कानाच्या बाजूला बसवून घेतलं. समोरून मढला जाणारी फेरीबोट सुटत होती. बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, हात मोडले तर टाइप कसं करणार, असं तुम्ही म्हणालात ना?"

"ऐकलंस तू?"

"स्पीकरवर होतं ना तिकडे पण. त्यानंतर त्यांनी हातांना कधी हात लावला नाही." त्याने लंगडा पाय सरळ केला. "पायांवर मारायचे."

तो म्हणाला, "चहा घेणार?" आणि भिंतीला धरून उठला.

मैत्रीण शेवटी परदेशी गेलीच, आखातातल्या एका शाळेत. या खेपेला तिने तिकडच्या शिक्षिकांशी स्वतः बोलून घेतलं, हातात कामाचा व्हिसा पडेपर्यंत पासपोर्ट उशाशी घेऊन झोपली. मी गेले नाही. आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिका विचारतात, एजंट बरा आहे का कोणी ओळखीचा? मी त्यांना मैत्रिणीने काय केलं ते सांगते. त्यांना त्यापेक्षा मारामारीचं ऐकण्यात जास्त रस असतो.

मावशीच्या मुलाचा कोर्टात जबाब होता त्या दिवशी एजंट जामिनावर सुटून इस्त्रीच्या शर्टात आला होता. नाकाचं हाड वाकडं बसलंय त्याच्या. आम्हाला बघून तो हसला. आत जबाब सुरू झाला. तडतड आवाजाच्या दांडक्याबद्दल विचारलं तेव्हा मावशी बाकावरून उठून बाहेर आली, मी तिच्यामागे गेले. जिन्याच्या पायरीवर ती बसली होती, पदर तोंडाशी.

"आजपण मारावंसं वाटतं गं त्याला," ती म्हणाली.

"मला पण."

"तेव्हाच मारून टाकला असता..." ती म्हणाली. आतून तिच्या मुलाचा आवाज येत होता, हळू, पण न थांबता. ती ऐकत राहिली. मग तिने डोळे पुसले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि आम्ही आत जाऊन बसलो.